तिसऱ्या गाण्यानंतरची शांतता

१

मास्तर जळाला तेव्हा त्याच्या कानांवर हेडफोन होते. ते वितळून गालाला चिकटले होते. एवढंही वाचवत नसेल तर इथंच थांबा, कारण पुढं यापेक्षा वाईट आहे. पुढं माणसं आहेत.

मी अग्निशमन खात्यात आगीची कारणं शोधते. तोंडावर मला ताई म्हणतात, पाठीमागं राखवाली. रोज आगी बघून बाईची भीती मेली असेल असं लोकांना वाटतं. भीती मरत नाही. जळक्या खोलीच्या उंबऱ्यावर माझे पाय आजही लटपटतात. ज्या दिवशी ते लटपटायचे थांबतील त्या दिवशी मी खोटा अहवाल लिहीन.

मास्तरचा धंदा रेकॉर्ड कापण्याचा. टेपवरचं गाणं तो लाखेचा मऊ थर दिलेल्या तबकडीवर तापलेल्या सुईनं कोरायचा. त्या तबकडीवरून धातूचे साचे निघतात आणि साच्यांवरून बाजारातल्या रेकॉर्डी छापतात. कोरताना तबकडीतून केसासारखी काळी तार सुटते. तिला ही मंडळी कीस म्हणतात. दिसतो केसांसारखा, पण जातीनं बंदुकीची दारू. कोरडा कीस ठिणगीची वाटच बघत असतो. म्हणून सुईशेजारी एक नळी असते, ती कीस ओढून काचेच्या बरणीत सोडते, आणि बरणी पाण्यानं अर्धी भरलेली असते. पाण्यात कीस निमूट पडून राहतो.

बरणीत पाणी भरायचं काम मास्तरच्या लेकीचं.

त्या दुपारी बापानं तिला नवी सुई आणायला बाजारात धाडलं. ती परत आली तेव्हा मास्तरच्या खोलीच्या, म्हणजे गोदामाच्या वरच्या मजल्याच्या, खिडकीतून धूर निघत होता आणि आमचे लोक पाइप आवरत होते. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं की बरणी रिकामी सापडली. पोरीनं पाणी भरलं नाही. पोरीनं बाप जाळला.

मी तिला विचारलं. गोदामाच्या पायरीवर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. म्हणाली, "रोज भरते. त्या दिवशी भरल्याचं आठवत नाही."

आज सकाळी दाराला कडी घातल्याचं तुम्हाला आठवतंय का? मला तरी नाही. पण तुमच्या कडीवर कुणी मेलं नाही, म्हणून तुम्हाला कुणी विचारत नाही. हिच्यावर निष्काळजीपणानं मृत्यूचा गुन्हा लागणार होता आणि माझ्या सहीची तेवढी वाट होती. तिची आई थोड्या अंतरावर भिंतीला टेकून उभी होती. तिनं लेकीकडं एकदाही बघितलं नाही. ते न बघणं मला आगीपेक्षा भयंकर वाटलं.

मी वर गेले. खोलीत आमच्या पाइपांचं पाणी अजून टपकत होतं. चहाच्या कपात काळं पाणी, पेनांच्या डब्यात काळं पाणी, मास्तरच्या कोपऱ्यातल्या चपलांच्या खळग्यातसुद्धा पाणी. आणि या सगळ्याच्या मधोमध, झाकण उडालेली, आ वासून उभी असलेली बरणी रिकामी.

मी ती उचलून खिडकीशी नेली. आतून वरचा भाग काजळीनं काळा होता, खालचा भाग स्वच्छ, आणि मधली रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ. काजळी पाण्याच्या खाली बसत नाही. आग लागली तेव्हा बरणीत पाणी होतं, रोजच्याइतकंच होतं.

आग विझल्यावर, आमच्या नाकाखाली, कुणीतरी आत येऊन ते ओतून टाकलं होतं.

२

साहेब म्हणाले, सही करून मोकळी हो, रेघांवरून कधी कुणी सुटतं का. मी म्हटलं, सुटतं की नाही ते बघू, पण अडकायला तरी नको. ते फाइलीवर बोटं वाजवत राहिले.

पोलिसांनी जिन्यापाशी शिपाई उभा केला होता. नातेवाइकांशिवाय कुणाला वर सोडलं नाही, असं तो शपथेवर सांगत होता. मग मी आधी त्या रेकॉर्डकडं वळले, कारण मास्तर जे कापत होता त्याच्याशी संबंध असलेली तीन माणसं त्या दुपारी गोदामापाशी होती.

रेकॉर्ड जुनीच, नव्यानं काढायची होती. या शहरात एके काळी फंक वाजवणारे बरेच बँड होते. बास गिटारची जाडजूड चाल, तुटक गिटार, कमरेतून येणारा ठेका. त्यांची निवडक गाणी एका रेकॉर्डवर आली आणि ती घरोघर झिजेपर्यंत वाजली. त्यातली निम्मी गाणी एकाच बाईची. तिला सगळे तोफ म्हणायचे. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा ती जिवंत नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या इमारतीतच जिन्यावरून पडली होती.

पहिला माणूस कंपनीचा मालक. पांढरे शुभ्र केस, लोण्यासारखा आवाज, सगळ्यांना बाळ म्हणायची सवय. तेव्हा तो स्वतः आवाजाच्या खटक्या-पट्ट्यांच्या टेबलावर बसून गाण्यांचं मिश्रण करायचा. मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मी न विचारता तोफेचं मरण सांगितलं. इमारतीच्या तळघरात गुळगुळीत फरशांची एक रिकामी खोली होती, तिला विहीर म्हणायचे. गाण्याला घुमारा हवा असला की गाणं कर्ण्यातून त्या खोलीत सोडायचं आणि तिथल्या मायक्रोफोननं परत वर घ्यायचं. खाली जाणारा जिना उभा आणि अरुंद. ती प्यायलेली असावी, पाय घसरला. "मी टेबलावर एकटा होतो, बाळ. हात आवाजाच्या पट्टीवर. गाणं संपेपर्यंत जागचा हललो नाही. हललो असतो तर वाचवलं असतं." डोळे पुसले. मास्तरच्या खोलीत गेला होतात का, असं मी विचारलं. त्यानं गुडघ्यांवर हात ठेवले. या गुडघ्यांनी कसला जिना चढणार. आग लागल्याचं कळलं म्हणून आला आणि खाली गाडीतच बसून राहिला. मूळ टेप मास्तरबरोबर जळाली याचं त्याला फार वाईट वाटत होतं.

दुसरा बासवाले काका. डोक्यावर केस नाही, बोलण्यात दयामाया नाही. तोफेचा नवरा. इतकी वर्षं गावानं त्यांच्याकडं बोट दाखवलं, कारण नवरा-बायकोचं पटत नव्हतं आणि जिन्यावर दुसरं कोण असणार. त्या दुपारी मास्तरनं त्यांना फोन केला होता. तुमच्या बायकोचं काहीतरी टेपवर आहे, येऊन ऐका, मालकांनाही बोलावलंय. काका बस पकडून आले तेव्हा धूर दिसला. विहिरीबद्दल विचारलं तर कडवट हसले. म्हणाले, त्या इमारतीत आम्ही कोण होतो, सगळी सूत्रं टेबलावर. गाणं टेबलावरून, दिवे टेबलावरून, विहिरीत उतरलं की वर तोंड करून ओरडायचं, देवा, उजेड पाड. तोफ मात्र रोज उतरायची. गाण्याचा शेवट विझताना ऐकायला तिला तिथल्या पायरीवर बसायला आवडायचं. सगळ्यांना ठाऊक होतं.

"भांडण कशावरून होतं तुमचं?"

"माझ्याशी नव्हतं हो. गाणी तिनं बांधलेली, वेष्टणावर नाव मालकाचं. मी म्हणायचो गप बस, पोटाचं बघ. ती गप बसणारी होती का? गप बसली असती तर तिला तोफ कशाला म्हटलं असतं."

तिसरा संग्राहक. जुन्या रेकॉर्डींच्या ढिगांत आयुष्य काढलेला, म्हणून धूळखाऊ. नव्या वेष्टणावरचा मजकूर त्यानंच लिहिला होता. तो घाबरट, घामट, प्रत्येक वाक्याआधी माफी मागणारा. त्या दुपारी जुने फोटो परत न्यायला आला होता म्हणे, आणि धूर बघून पळाला.

माझी चूक मी तिथंच केली. बरणीत पाणी होतं, हे मी तिघांनाही तोंडावर सांगितलं. कुणाचा चेहरा उतरतो ते बघायचं होतं. एकाचाही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी गेले. दाराची मूठ धरली आणि हाताला केस लागले. मुठीला केसांची बट बांधली होती. काळी, लांब, चकाकती, नीट वेणी घातलेली.

मी ती नाकाशी नेली. केस नव्हते ते.

३

आधी मी काय केलं ते सांगते. गॅसची टाकी बंद केली. देव्हाऱ्यातली समई फुंकली. मग जिन्यावर येऊन बसले. माझा नवरा आत झोपला होता, त्याची रात्रपाळी असते. त्याच दारामागं.

कीस कोरडा होता.

बट ओल्या फडक्यात गुंडाळून मी मास्तरच्या घरी गेले. लेकीनं ती बघितली आणि मागं सरली. म्हणाली, आमच्याकडं कीस कोरडा होऊच देत नाहीत. बरणीतून काढायचा तो ओलाच, पोत्यात भरायचा तो ओलाच, आणि पालिकेची गाडी आली की पाण्याच्या डब्यासकट द्यायचा. बाबांनी आयुष्यात एकदाच हा नेम मोडला. धूळखाऊ मागं लागला होता की खास प्रतींच्या वेष्टणात चिमूटभर कीस घालू, गिऱ्हाइकाला आठवण म्हणून. बाबा नाही म्हणाले. मालकांनी बाळ, बाळ करत गळ घातली. शेवटी एक पिशवी वाळवून दिली.

विकणाऱ्याची अक्कल बघा. घराघरात बंदुकीची दारू पाठवायची, आणि वर लिहायचं, मर्यादित आवृत्ती.

धूळखाऊला गाठलं. त्याच्या खोलीत रेकॉर्डींच्या ढिगांमधून आडवं होऊन जावं लागतं. पिशवीचं नाव काढताच तो मटकन खालीच बसला. पिशवी त्याच्याकडं कधी आलीच नव्हती. ती मालकाच्या कचेरीत, कपाटावर होती. तिथं रोज पाच-पन्नास माणसं येतात-जातात. बासवाले काकाही परवा येऊन आरडाओरडा करून गेले होते. "माफ करा, पण ताई, मी सांगितलं म्हणून सांगू नका," तो म्हणाला. "मला घर नाही, ही खोलीच आहे. आणि ही खोली कशी पेटेल बघताय ना."

त्याचं घाबरणं खरं होतं. पण घाबरलेली माणसंही जाळतात. मी बघितलंय.

म्हणजे पिशवीपर्यंत हात तिघांचाही पोचत होता. मालकानं स्वतःची रेकॉर्ड कापणाऱ्याला का जाळावं? काकांनी, ज्यानं बायकोचा आवाज ऐकायला बोलावलं त्याला का जाळावं? मास्तरनं टेपवर काय ऐकलं होतं, हे कळल्याशिवाय गाडी पुढं जाणार नव्हती, आणि टेप तर राख.

बसमध्ये बसले होते तेव्हा लेकीचा फोन आला. ती इतकं हळू बोलत होती की मला दुसरा कान बंद करावा लागला.

पहिली बाजू बाबांनी आगीच्या आदल्या दिवशी कापून साच्यांच्या कारखान्यात पाठवली होती. तिचा नमुना छापून आला होता. या धंद्यात पहिला नमुना मालकाकडं जात नाही, कापणाऱ्याच्या घरी येतो; चूक राहिली असेल तर ती आधी त्यालाच कळावी म्हणून. कारखान्याला मास्तर गेल्याचं कुणी कळवलं नव्हतं.

"मी लावली," ती म्हणाली. "तिसऱ्या गाण्यानंतर कुणीतरी बोलतंय, ताई. रिकाम्या जागेत."

४

मास्तरच्या घरातली आतली खोली म्हणजे त्याचं कोठार. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर कापताना बिघडलेल्या लाखेच्या तबकड्या उभ्या लावलेल्या. ज्याचा कीस निघतो तोच हा माल. त्या खोलीत काडी ओढली तर दारापर्यंत पोचायला वेळ मिळाला नसता. आई मागच्या मोरीत कपडे भिजवत होती. मी वहिनी म्हणून हाक मारली तर मानेनंच ये म्हणाली. लेकीच्या ताटावर झाकण तसंच होतं. दोघी एका घरात राहत होत्या आणि त्यांच्यात शब्द नव्हता.

लेकीनं सुई ठेवली. तिसरं गाणं तोफेचं. काय आवाज होता तो. जाड, खरबरीत, सगळ्या बँडला फरफटत नेणारा. गाणं हळूहळू लांब गेलं, विझलं. मग शांतता. लेकीनं आवाज पूर्ण चढवला. सूंऽऽ अशी घरघर, आणि तिच्या तळाशी, पाण्याखालून बोलावं तशी एक बाई.

"दिवा का घालवलास रे? पायरी दिसत ना—"

पुढचं गाणं धाडकन सुरू झालं आणि आम्ही दोघी दचकलो.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच. बाई घाबरली नव्हती, चिडली होती. कुणीतरी मस्करी करतंय अशी चिडली होती. आणि तशीच, वाक्याच्या मध्येच तुटली होती.

हे टेपवर असेल तर इतकी वर्षं कुणाला कसं ऐकू आलं नाही, असं मी विचारलं. लेकीनं समजावलं. टेप गुंडाळलेली असते, वेढ्यावर वेढा. ओल्या शाईची वही मिटली की समोरच्या पानावर डाग उमटतो, तसा एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. अगदी पुसट. कुणीतरी ब्लेडनं तोफेच्या बोलण्याचा तुकडा कापून फेकला होता. पण त्याआधी टेप काही दिवस गुंडाळलेली पडली होती, आणि शेजारच्या कोऱ्या वेढ्यानं त्या बोलण्याची सुरुवात घेऊन ठेवली होती. एका वेढ्यात मावतील तेवढेच शब्द. दुसऱ्या कुणी कापलं असतं तर ती जागा दाबून टाकली असती. बाबांनी तिचा आवाज चढवून ती कोरली.

"मुद्दाम?"

"बाबांच्या हातून शांततेत कचरा राहत नाही. मुद्दाम."

मी खुर्चीवर बसले आणि जुनं मरण पहिल्यापासून मांडलं. तोफ विहिरीच्या जिन्यावर होती. गाणं विझलं होतं, म्हणजे वर टेबलावरच्या माणसानं पट्टी शेवटपर्यंत खाली आणली होती. टेप अजून फिरत होती आणि विहिरीतला मायक्रोफोन उघडा होता. त्या क्षणाला दिवा गेला. वीज गेली असती तर टेपही थांबली असती. दिवा कुणीतरी घालवला, आणि तोफेला ठाऊक होतं की कुणी. ती त्याला अरे-तुरे करत होती. जिन्यावर ढकलायला कुणी असायची गरजच नव्हती. अंधार पुरेसा होता.

काकांना फोन लावला. एकच प्रश्न विचारला, विहिरीच्या दिव्याचा खटका नक्की कुठं होता? टेबलावर, ते म्हणाले, उजव्या हाताला. खाली नव्हताच? नव्हता.   इतकी वर्षं तेही तेच सांगत आले होते, मालक टेबलावर एकटा होता, म्हणून तो सुटला. सगळं शहर तेच सांगत होतं. धूळखाऊनं ते वेष्टणावर छापलं होतं. टेबलावर एकटा असणं हीच त्याची सुटका होती, आणि खून टेबलावरून झाला होता.

दुसरा फोन शिपायाला. वर फक्त नातेवाईक गेले म्हणालास, कोण कोण? त्यानं आठवून सांगितलं. आमचे लोक गेल्यावर मृताचे थोरले भाऊ गेले होते. म्हातारे गृहस्थ, पांढरे केस, गुडघे धरत धरत चढले, फार रडत होते. भावाची आठवण म्हणून एक चपटा गोल डबा घेऊन उतरले. उतरताना सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

मी फोनवर हात ठेवून लेकीला विचारलं, बाबांना भाऊ किती?

"एकपण नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. मग लोण्यासारखा आवाज. "बाळ, घरात आहेस ना?"

५

लेकीनं दार उघडायच्या आधीच तो आत आला होता. आतल्या खोलीच्या चौकटीत उभा राहिला, म्हणजे बाहेर जायची एकमेव वाट त्याच्या मागं. एका हातात खरेदीची कापडी पिशवी. ती फुगलेली होती, पण वजन नसावं, कारण एका बोटावर लटकत होती.

मला बघून त्याला आनंद झाला नाही. तरी बाळ म्हणाला. दुसरा नमुना त्याच्याकडंही आला होता, आजच. सकाळी त्यानं तो ऐकला होता. तिसऱ्या गाण्यानंतर थोडा दोष राहिलाय, ती बाजू पुन्हा कापून घेऊ, तुमची प्रत मला द्या म्हणजे कारखान्याला परत पाठवतो.

लेकीनं रेकॉर्ड छातीशी धरली. माझे पाय उंबऱ्यावरच्यासारखे लटपटत होते. तोंड मात्र चालत होतं, कारण माझं तोंड भीतीत जास्त चालतं.

मी म्हटलं, मास्तरनं तुम्हाला बोलावलं, कारण तो सरळ माणूस होता. तुमची रेकॉर्ड, तुम्हाला आधी सांगायला हवं असं त्याला वाटलं. तुम्ही काकांच्या आधी पोचलात. तो हेडफोन लावून पाठमोरा बसला होता. कपाटावरच्या पिशवीतला थोडा कीस तुम्ही बरोबर नेला होता; त्यातलीच बट नंतर माझ्या दाराला बांधलीत, उरलेला आज आणलाय. त्या दुपारी तो पेटवून आत टाकलात आणि दार लोटून घेतलंत. आग विझल्यावर भाऊ होऊन वर गेलात. मास्तरनं लोखंडी कपाटात ठेवलेली म्हणून वाचलेली टेप काढलीत, आणि बरणीतलं पाणी ओतलंत, म्हणजे खुनाचं नाव या पोरीवर लागेल. तुमचं ठीक आहे हो, तुमच्या नावाला तर दुसऱ्याच्या कामावर लागायची सवय आहे. हिच्यावर हिचं नसलेलं लावलंत.

तो ऐकत होता. राग नाही, घाम नाही. एखादं गाणं जरा लांबलंय असा चेहरा. दुसरा हात खिशात गेला आणि लायटर घेऊन बाहेर आला.

"मी तिला हातसुद्धा लावला नव्हता," तो म्हणाला. "एक खटका खाली केला. घाबरवायला. तेवढंच."

"आणि मास्तरला?"

"त्याला सांगितलं होतं, ती जागा पुसून टाक. नाही म्हणाला. बाळ, ती रेकॉर्ड दे."

त्यानं लायटर पिशवीच्या तोंडाशी नेला. भिंतीभर तबकड्या. मी मनात अंतर मोजत होते आणि ते पुरत नव्हतं. लेकीच्या दातांचा आवाज मला ऐकू येत होता. मी तिच्या पुढं सरकले, त्याचा काही उपयोग नाही हे ठाऊक असून. आग माणसाला वळसा घालत नाही, माणसातून जाते.

लायटरचं चाक फिरलं. एकदा ठिणगी उडाली, ज्योत धरली नाही.

आणि मागून भिजवलेल्या कपड्यांची बादली त्याच्या अंगावर आली. साबणाचं पाणी, चादर, टॉवेल, सगळं. पिशवी लदलदून जमिनीला लागली. मास्तरची बायको होती ती. कीस कसा मारायचा हे तिला लग्न होऊन आल्या दिवसापासून माहीत होतं. ती मोरीतून अनवाणी आली होती आणि दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं. रिकामी बादली हातात तशीच धरून उभी राहिली. तो चादर डोक्यावरून काढायला धडपडत होता, तेव्हा मी त्याच्या हातातला लायटर ओढून घेतला. त्याला पाडायला फार जोर लागला नाही. गुडघे मात्र खरोखरच वाईट होते.

शिपाई फोनवर अजून हॅलो, हॅलो करत होता.

६

त्याला नेलं. टेप त्याच्या घरी सापडली, जाळायचा धीर झाला नव्हता. स्वतःच्या कामावर त्याचं फार प्रेम. बासवाले काका चौकीत आले, नमुना रेकॉर्ड दोन्ही हातांत धरून बसून राहिले, पण ऐकायला तयार झाले नाहीत. म्हणाले, मला तिचा आवाज आठवतो, मला तो तुटलेला नको. गल्लीत आता सगळे म्हणत होते, आम्हाला आधीच संशय होता. असतो, दर वेळी असतो.

अहवालावर मी सही केली. त्यात लेकीचं नाव कुठंच नव्हतं. तो दाखवायला मी त्यांच्या घरी गेले, तसा काही नियम नाही, पण गेले.

लेकीनं वाचला आणि परत दिला. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. म्हणाली, "पण मला अजून आठवत नाही, ताई. तुम्ही म्हणता म्हणून भरलं असेल."

मी तिच्यावर चिडले. काजळीची रेघ समजावली, कागदावर काढून दाखवली. ती मान हलवत राहिली. ज्या माणसाला सगळ्या गल्लीनं खुनी ठरवलं आणि ज्याच्या आईनं पाठ फिरवली, त्याला एका रेघेवर विश्वास ठेवायला सांगत होते मी.

आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "जेव."

"तू मला विचारलंपण नाहीस," लेक म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सगळ्यांचं ऐकलंस. पोलिसांचं, शेजारच्यांचं. मला एकदा विचारलं असतंस."

आईनं पदराला हात पुसले. कोरडेच होते ते.

"नाही विचारलं," ती म्हणाली.

"आता विचार."

मला तिथून उठून जायला हवं होतं. उठले नाही. आई लेकीच्या समोर जमिनीवर बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी. तिची हनुवटी थरथरत होती. आगीच्या दिवशी, बादली फेकताना, त्या माणसासमोर ती थरथरली नव्हती. आता तिला भीती वाटत होती.

"पाणी भरलं होतंस का गं?"

लेकीनं डोळे मिटले. मी बघत होते, ती ती सकाळ शोधत होती. नळ, बरणी, बापाची पाठ. सापडली की नाही, मला माहीत नाही.

"हो," ती म्हणाली. "भरलं होतं, आई."